मी कुर्ल्याला, शीट व्हीटीला

डोंबिवलीत राहून माटुंग्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करायचं म्हणजे चार वर्षांत दोन डिग्र्या मिळायला पाहिजेत असं माझं प्रामाणिक मत आहे, एक कॉलेजची आणि एक लोकलची. लोकलच्या डिग्रीत केटीची (नापास विषय घेऊन पुढच्या वर्गात जायची) सोय मात्र नाही, चढलात तर पास.

फास्ट व्हीटीपर्यंत (म्हणजे आताचं सीएसएमटी) जाते पण माटुंग्याला थांबत नाही, म्हणून कुर्ल्याला उतरायचं, तिथून स्लो, मग सायन, मग माटुंगा. आई रोज म्हणते की मग सरळ स्लोनेच जा ना. आता आईला काय सांगणार. माझी फास्ट सातच्या पुढची आहे, नेमकी वेळ सांगत नाही, आधीच खूप गर्दी असते.

तर फर्स्ट इयरला ग्राफिक्स, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग, नावाचा विषय असतो आणि त्याच्या शीट्स घरी काढून नळकांड्यासारख्या दिसणाऱ्या कंटेनरमध्ये गुंडाळून न्याव्या लागतात. हा दोन-सव्वादोन फुटी कंटेनर खांद्याला लटकवून लोकलमध्ये चढणं म्हणजे उगाच अख्ख्या डब्याशी भांडण उकरून काढणं. तो आडवा धरला तर दोघांच्या बरगड्यांत जातो, उभा धरला तर वरच्या कड्यांत अडकतो, आणि पाठीवर टाकला तर मागून आवाज येतो, "ओ बासरीवाले, डोळा फोडणार का?" बॅग पुढे घ्यायची असते हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो (शिकवणाऱ्याची भाषा इथे देता येणार नाही), पण बॅग पुढे आणि कंटेनर मागे असं केलं की माणूस घुसतच नाही, दारातच अडकतो.

या गर्दीला रेल्वेवाल्यांनी नाव दिलंय, 'सुपर डेन्स क्रश लोड'. म्हणजे एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसं उभी. हे मी रात्री शीट काढता काढताच मोबाईलवर वाचलं आणि हिशोब केला. ए-वन शीट ५९४ बाय ८४१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास अर्धा चौरस मीटर. म्हणजे माझ्यासमोर टेबलावर जी शीट पसरलीय तिच्यावर सात-आठ माणसं उभी राहतात. बॉर्डर आणि टायटल ब्लॉक सोडला तर सहाच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा म्हणे १४ डब्यांत ४०० पाहुणे होते आणि निघताना २१ तोफांची सलामी दिली. डब्याला तीसेक माणसं! तेवढी तर आमच्या दारात लटकलेली असतात.

त्या दिवशी सबमिशन होतं. रात्री अडीचपर्यंत जागून शीट पूर्ण केली, नि सकाळी चढलो, म्हणजे मी काही केलं नाही, मागच्यांनी चढवलं. ठाण्याला आणखी एक लोंढा आत आला आणि कंटेनर कुठल्यातरी दोन पोटांच्या मध्ये असा फसला की मी डावीकडे, तो उजवीकडे, आणि मध्ये फक्त पट्टा. शेवटी कोणीतरी वैतागून म्हणालं, "ए इंजिनिअर, वर दे ते." आणि माझ्या हातातून सुटून तो डोक्यांवरून तरंगत तरंगत आत गेला, दहीहंडीतला सगळ्यात वरचा गोविंदा जातो तसा, आणि रॅकवर जाऊन पडला. खिडकीपाशी एक गट बसतो, बसायला जागा मिळावी म्हणून आधी कल्याणला उलटं जाऊन त्याच गाडीने रिटर्न येणारा. त्यातल्या एका काकांनी मला हात करून खूण केली, आहे सेफ.

सेफ होताच. मीच नव्हतो. घाटकोपर गेलं तशी मागून विचारणा सुरू झाली, कुर्ला का, कुर्ला का, आणि मी हो म्हणायची चूक केली. हो म्हटल्यावर मग तुमच्या हातात काही राहत नाही. मी मान वळवून "काका, कंटेनर!" एवढं ओरडेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभा होतो, एक चप्पल अर्धी निघालेली, आणि गाडी सुटली. काकांनी खिडकीतून काहीतरी सांगितलं, मला फक्त "उद्या" ऐकू आलं.

कॉलेजात सरांनी विचारलं, शीट कुठाय? मी म्हटलं, सर, व्हीटीला. वर्ग जो हसला. सर म्हणाले मग हजेरी पण तिचीच लावू का.

दुसऱ्या दिवशी तोच डबा, तेच दार. गटापर्यंत पोचायला मला दिवा स्टेशनच्या पुढपर्यंत वेळ लागला. काकांनी कंटेनर मांडीवर घेऊन ठेवलेला, लेकरासारखा. म्हणाले, "बघितली रे तुझी शीट. लेफ्ट साइड व्ह्यू डावीकडे काढलायस. फर्स्ट अँगल आहे ना? मग तो उजवीकडे येतो." (वस्तू डावीकडून जशी दिसते ते चित्र फर्स्ट अँगल पद्धतीत समोरच्या चित्राच्या उजवीकडे काढतात, थर्ड अँगलमध्ये डावीकडे.) काका तीस वर्षं ड्राफ्ट्समन! ऑफिसात लंच टाइमला त्यांनी पेन्सिलने फिकट गोल करून बाण काढला होता, आणि तो बाणसुद्धा माझ्या सगळ्या ड्रॉइंगपेक्षा सरळ होता. मागून दारातला लटकलेला एक जण ओरडला, "थर्ड अँगल धरलं तर बरोबर आहे ना पण!" त्यावर गटातल्या दोघांत वाद पेटला, मुलुंडपर्यंत चालला, आणि त्या भानगडीत कोणीतरी सरकलं आणि मला चौथी सीट मिळाली. चौथी सीट म्हणजे सीट नव्हे, अर्धं बूड टेकायची परवानगी, तरी पण.

आता मी चढलो की बॅग पुढे घे, बाजूला हो असलं कोणी म्हणत नाही. खिडकीतून काका हाक मारतात, "काय रे, आयसोमेट्रिक कधी सुरू होतंय?"