लाइट गेल्यावर मांजरांनी पाणी कुठं प्यायचं?

आज दुपारी विश्रामबागला मांजरांच्या शी-शूची वाळू आणायला गेले होते. माझ्या पुढं कॉलेजातलं एक पोरगं उभं होतं. घरी तीन मांजरं, पाणी कमी पितात, म्हणून फाउंटन, म्हणजे पंपानं पाणी खेळतं ठेवणारं विजेवरचं भांडं, घ्यायला आलेलं. दुकानदारानं त्याच्यापुढं एक पांढरं प्लॅस्टिकचं ठेवलं. वर फूल, आत निळा दिवा. "तिघांना एक रग्गड झालं. घे की, दिसायला पण भारी आहे." पोरगं बिचारं विचारतंय, "काका, लाइट गेली तर?" तर म्हणे, "लाइट काय दिवसभर जाते होय!"

सांगलीत राहून, ऐन वळवाच्या दिवसांत, हे बोलायचं? माझं डोकंच फिरलं. मी मधे पडले, दुकानदाराला राग आला, पोरगं गोंधळून काही न घेताच निघून गेलं. त्याला जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते आहे.

माझ्या धाकट्या बहिणीकडं मिरजेत चार मांजरं आहेत. तिला असंच फुलाचं फाउंटन कुणीतरी प्रेमानं भेट दिलं होतं. मागच्या उन्हाळ्यात घरचे सगळे तासगावला लग्नाला गेले आणि दुपारी वळीव आला. झाड पडून तारा तुटल्या, रात्रीपर्यंत लाइट नाही. त्या फाउंटनमध्ये सगळं पाणी खालच्या बंद टाकीत आणि वर नुसती उथळ ताटली. पंप थांबला की ताटलीतलं पाणी भोकांतून खाली उतरतं. ही माणसं रात्री घरी येऊन बघतात तर ताटली ठणठणीत कोरडी, आणि झाकणाखाली पाणी भरलेलं, तसंच्या तसं. फुलावर नखांचे ओरखडे. ते ओरखडे मी पाहिलेत. पाणी खाली आहे हे त्या चौघांना कळत होतं, वास येत होता, आणि पिता येत नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट हीच बघा. दुकानात फाउंटनमध्ये पाणी भरायला लावा, चालू करा आणि मग वायर काढा. पाणी उघड्यावर राहतं का? राहत असेल तर पुढचं बोला. वर उघडी वाटी आणि तिच्यातच पंप बुडवलेला, अशी साधी मॉडेलं मिळतात. दिवा नसतो, फूल नसतं, म्हणून कुणी दाखवत नाही. बहुतेक पंप मोबाइलच्या चार्जरसारखे पाच व्होल्टवर चालतात, पॉवर बँकेवरही चालतात. पण आपण घरी नसताना पॉवर बँक जोडणार कोण?

आता कुणी म्हणेल, मांजराला तहान लागली तर पिईल की कुठंतरी. नाही पीत हो. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातली रानमांजरं. उंदीर-पाखरांच्या अंगातल्या पाण्यावर त्यांचं भागायचं, म्हणून तहानेची जाणीवच कमी. आपण त्यांना देतो कोरडे दाणे, ज्यात पाणी जेमतेम दहा टक्के. पाऊचमधल्या ओल्या खाण्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के असतं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे मिली पाणी लागतं, आणि दाण्यांवर राहणाऱ्याला ते जवळजवळ सगळं पिऊनच मिळवावं लागतं. फाउंटनपेक्षा पाऊच जास्त उपयोगी, हे मान्य. पण चार मांजरांना रोज पाऊच परवडणारी घरं किती आहेत आपल्याकडं?

त्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत बहिणीच्या बोक्याची, गुंड्याची, लघवी अडली. सारखा वाळूत जाऊन बसायचा, जोर करायचा, ओरडायचा, थेंब नाही. रात्री त्याला घेऊन धावलो. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, खडे किंवा चिकट गाळ अडकला की दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. भूल देऊन नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, वजन, खाणं, ताण, पाणी, सगळं मिळून होतं हे. एका दिवसाच्या कोरड्या ताटलीनं झालं असं कुणी म्हणणार नाही. बरं, नाही म्हणत. पण बहीण त्या रात्री टेबलाशी त्याचा पंजा धरून उभी होती आणि मला सारखी ती ताटलीच दिसत होती.

गुंड्या वाचला. आता मस्त आहे, उन्हात पाय वर करून झोपतो.

तो दवाखान्यात असताना आम्ही ते फाउंटन उघडलं. बाहेरून चकाचक, आत पंपाच्या पंख्याला केसांचा गुंता आणि टाकीला बुळबुळीत थर. कोपरे इतके अरुंद की घासणी जाईना. वरून बोअरचं पाणी, त्याचे पांढरे क्षार. कोळशाच्या फिल्टरनं वास जातो, हे क्षार जात नाहीत. ते व्हिनेगरमध्ये भिजवूनच काढावे लागतात. म्हणजे फाउंटन असं हवं की सगळे भाग सुटे होतील आणि आपला हात आत जाईल. आठवड्यातून एकदा तरी पंप उघडून धुवायला हवा. आणि स्टीलचं घ्या. प्लॅस्टिकवर चरे पडतात, चऱ्यांत घाण बसते, काही मांजरांना हनुवटीवर काळ्या पुटकुळ्या येतात. स्टील महाग आहे, माहीत आहे मला.

आणि ते "तिघांना एक रग्गड"! याचा मला सगळ्यात जास्त राग आला. तीन लिटरची टाकी तिघांना पुरते, पाणी पुरतं. पण मांजरं रांगेत उभी राहत नाहीत. बहिणीकडं गुंड्या फाउंटनच्या वाटेवरच पसरायचा. भांडण नाही, गुरगुरणं नाही. चिमी लांबूनच बघायची आणि मागं फिरायची. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण आवाजच नव्हता. मग गॅलरीत एक पातेलं ठेवलं, आतल्या खोलीत दुसरं, तेव्हा चिमी पाणी प्यायला लागली. तेव्हा फाउंटन एक घ्या किंवा दोन, पण साध्या पाण्याची भांडी वेगवेगळ्या जागी हवीतच, खाण्यापासून आणि वाळूपासून लांब. काही मांजरं वाहत्या पाण्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. तीही त्या भांड्यांवर जगतात.

"माणसांना पाणी नाही आणि यांच्या मांजरांना कारंजी" असं आमच्या इमारतीत बोललं जातं. अहो, मी जतकडची. टँकरमागं घागर घेऊन पळालेली आहे. त्या दिवसांतही आई लिंबाखाली मातीचं परळ भरून ठेवायची आणि त्यावर मांजरं, चिमण्या, कुत्री सगळी यायची. तिला कुणी काही बोललं नाही कधी. फाउंटनमध्ये तेच पाणी फिरत राहतं, वाया जात नाही, एवढं तरी समजून बोला.

घेताना पंप सुटा मिळतो का हे नक्की विचारा. पाणी संपून कोरडा फिरला की तो जळतो, आणि सुटा मिळाला नाही तर अख्खं फाउंटन भंगारात. बहिणीच्या त्या फाउंटनचा पंप धुऊन माझ्याकडं ठेवलाय, अजून चालतो. सांगली-मिरजेत कुणाला हवा असेल तर मेसेज करा, संध्याकाळी येऊन घेऊन जा.