पाखरांना दाणे नको, पाणी द्या

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागायला अजून बारा दिवस आहेत आणि पारा आत्ताच 45 ला टेकलाय. प्रतापनगरातल्या आमच्या घरामागे जेमतेम पंधरा फुटांची बाग आहे. एक कडुलिंब, जास्वंद, कढीपत्ता आणि कुंपणावर मधुमालती. तेवढ्या जागेत आज सकाळी नऊ जातींचे पक्षी मोजले. दाण्याचा एक कणही ठेवलेला नाही, फक्त पाणी आहे.

पहिली दोन वर्षं मीही गच्चीवर ज्वारी, तांदूळ टाकायचे. आले कोण? पारवे. मग आणखी पारवे. त्यांनी चिमण्यांनाही टिकू दिलं नाही. शिंपी, दयाळ, नाचण हे किडे टिपणारे, शिंजीर फुलांतला मध पिणारा; ज्वारी घेऊन ते काय करतील? पाणी मात्र सगळ्यांना लागतं. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत, गळा थरथरवत ते अंगातली उष्णता बाहेर काढतात, आणि त्यात अंगातलंच पाणी उडून जातं. भर दुपारी तारेवर आ वासून बसलेला कावळा दिसतो ना, तो तेच करत असतो.

पण भांडं कसलंही चालत नाही. एका मे महिन्यात मी प्लास्टिकचा टब भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यात साळुंकीचं पिल्लू मरून तरंगत होतं. खोल पाणी, गुळगुळीत कडा. त्याला पाय टेकवायला जागाच नव्हती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून फक्त कुंभाराकडचं मातीचं पसरट परळ, दोन बोटं पाणी आणि मधोमध एक खडबडीत दगड. परळ सावलीत असतं, पण झुडपाला खेटून नाही, कारण झुडपाआड मांजर दबा धरून बसते.

थेंबांची किमया कळली ती कूलरमुळे. पंपाची नळी गळत होती आणि भरलेलं परळ सोडून बुलबुलांची जोडी कूलरखालच्या त्या थेंबांवर येऊन बसली. मग जुन्या माठाला बारीक भोक पाडलं, त्यात सुती वात अडकवली आणि माठ कडुलिंबाच्या फांदीला टांगला. टप टप पाणी परळात पडतं. हलतं पाणी पक्ष्यांना लांबून दिसतं, ऐकूही येतं. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांचा अख्खा थवा उतरला. इतक्या वर्षांत ते आमच्याकडे कधी आले नव्हते.

"डासं होतील न जी," असं गल्लीत सगळेच म्हणतात. रास्त आहे, डेंग्यूचं भय आपल्याकडे खरंच आहे. पण अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. रोज पाणी ओतून दिलं तर अळी जगतेच कुठे? फक्त भांडं आतून काथ्यानं घासायला हवं, कारण डेंग्यूचा डास अंडी कडेला चिकटवतो. साबण नको. घासायचं आणखी एक कारण म्हणजे विष्ठा पडलेल्या पाण्यातून पक्ष्यांचे आजार एकमेकांना लागतात.

मला राग येतो तो मार्चमध्ये फोटो काढून झाडांना टांगलेल्या भांड्यांचा. मे उजाडतो आणि आत वाळका पाला असतो. पाखरांना एकदा जागा ठाऊक झाली की ती तिथेच येतात, आणि आपण त्यांना कोरड्या भांड्याशी आणून सोडतो.

आणि पाऊस पडला म्हणून परळ उचलू नका. थंडीतही त्यांना पिसं धुवायला पाणी लागतंच. 5 नोव्हेंबरला, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी, पक्षी सप्ताह सुरू होतो आणि 12 ला सालिम अलींच्या जन्मदिनी संपतो. त्या आठवड्यात सकाळच्या कोवळ्या उन्हात परळाजवळ बसून बघा.

सोमवारपासून दहा दिवस लग्नासाठी अमरावतीला चाललेय. माठाची आणि परळाची जबाबदारी शेजारच्या काकूंनी घेतलीय, काल त्यांना घासूनही दाखवलं. आज सकाळी सहालाच त्यांची भिंतीपलीकडून हाक आली, "अवं, सातभाई येऊन राहिले, पाणी बदललं का तू?"