५ एमबीचा फोटो ५० केबी होतो, पण ‘लपलेला डेटा’ काढून नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय. दुकानदारांचा ग्रुप असो, स्पर्धा परीक्षावाल्यांचा असो की फोटोग्राफरांचा, कुणीतरी तो पुढे ढकललेला असतोच. मजकूर थोडक्यात असा: मोबाईलच्या प्रत्येक फोटोत ८० टक्के जागा लपलेल्या डेटाची असते, तो काढला की ५ एमबीचा फोटो ५० केबीवर येतो, क्वालिटी एक टक्काही कमी होत नाही, हा डेटा निव्वळ कचरा, तेव्हा सरसकट सगळा काढा, मोबाईल रिकामा होईल, वेबसाईट पळेल आणि तुमचं लोकेशन कुणाला कळणार नाही. खाली एक लिंक, ‘इथे फोटो टाका, हलका करून घ्या.’

कोल्हापुरातल्या दुकानांच्या वेबसाईट आणि ऑनलाईन कॅटलॉग करणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक हा मेसेज दाखवतं आणि विचारतं, ‘हे एवढं सोपं हाय तर तुम्ही फोटो बारीक करायचे पैसे कशाचे घेताय?’ म्हणून एकेक मुद्दा घेतो. मेसेजमध्ये खरं काहीच नाही असं नाही. जे खरं आहे ते भलत्याच फोटोंना लावलंय, एवढंच.

‘८० टक्के जागा लपलेल्या डेटाची’

जेपीजी फाइल तुकड्यातुकड्यांनी बनते. माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला त्याची लांबी दोन बाइटमध्ये लिहिलेली असते, आणि दोन बाइटमध्ये मावणारा मोठ्यात मोठा आकडा म्हणजे ६५,५३५. त्यामुळे असा तुकडा ६४ केबीच्या वर जाऊच शकत नाही. कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख-वेळ, शटर, आयएसओ, अक्षांश-रेखांश आणि एक चिमुकला थंबनेल (फोटोची छोटी झलक) हे सगळं ज्या एक्झिफमध्ये असतं, त्याला असा एकच तुकडा मिळतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४ एमबीचा धरा. एक्झिफ काठोकाठ भरलं तरी दीड टक्क्याच्या आसपास. बाकीचं चित्र. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यावरचं, म्हणजे ढेपेवरचं, कापड सोडलं म्हणून रवा निम्मा होत नाही.

मग ‘माझी फाइल खरंच निम्मी झाली’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. फक्त त्यांच्या फाइलीत एक्झिफपेक्षा वेगळं काहीतरी होतं.

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मोशन फोटो चालू असला की जेपीजीच्या शेपटाला दोन-तीन सेकंदांचा व्हिडिओ चिकटवलेला असतो. बाहेरून फोटो, आत काही एमबीचा व्हिडिओ. तो तोडला की फाइल धाडकन उतरते. पण त्यासाठी कुठली साईट लागत नाही, कॅमेऱ्यातलं ते बटण बंद केलं की पुढच्या फोटोंपुरता विषय संपला.

दुसरा प्रकार फ्लेक्सवाल्यांचा, आणि तो मला जास्त आवडतो. वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे, मंडळाचे फ्लेक्स रोज पडतात. डिझायनर दर वेळी कोऱ्या कॅनव्हासवर बसत नाही. जुनी फाइल उघडतो, नाव आणि चेहरा बदलतो, दुसऱ्या फाइलीतून फेटा ओढतो, तिसरीतून वाघ. फोटोशॉप या प्रत्येक ओढाओढीची नोंद ठेवतं: कोणत्या फाइलीतून लेयर आला, तिचा ओळखक्रमांक काय. ज्या फाइलीतून लेयर येतो तिची जुनी यादीही बरोबर येते. ही यादी एक्सएमपी नावाच्या भागात साठते, आणि एक्सएमपी मोठं झालं तर त्याला अनेक तुकड्यांत पसरता येतं, म्हणजे ६४ केबीची वेसण तिथे नाही. वर्षानुवर्षं तीच फाइल फिरवली की शेवटी व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीएवढं चित्र आणि त्यामागे एमबीच्या हिशेबात नुसते ओळखक्रमांक. हे मात्र खरंखुरं ओझं. काढून टाका, एक पिक्सेलही हलणार नाही.

तिसरा प्रकार छापखान्यातून येणाऱ्या लोगोचा. छपाईच्या चार शाईंसाठीचं जे रंगाचं प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची नोंद) फाइलीत घातलेलं असतं, ते एकटंच अर्धा एमबी किंवा त्याहून मोठं असू शकतं. लोगो दिसायला अंगठ्याएवढा आणि फाइल सहाशे केबीची, असं पाहिलं की मी पहिल्यांदा तिथेच बघतो. पण इथे घाई नको. आधी फाइल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, बदलून घ्यायची, मग प्रोफाइल काढायचं. उलटं केलंत तर रंगांचं काय होईल ते तुमच्या नशिबावर. चप्पलच्या दुकानाचा तपकिरी लोगो जांभळट आला तर दोष वेबसाईटवाल्याला मिळतो, अनुभवाने सांगतो.

‘क्वालिटी एक टक्काही कमी होत नाही’

फक्त तुकडे काढले तर हे शंभर टक्के खरं आहे. जेपीईजीट्रॅन, जेपीईजीऑप्टिम, एक्झिफटूल ही जुनी, फुकट हत्यारं हेच करू शकतात: चित्र उघडून पुन्हा दाबत (कॉम्प्रेस करत) नाहीत, आजूबाजूचं उतरवतात. जेपीईजीट्रॅन वर आणखी चित्राचीच मांडणी घट्ट करून थोडे टक्के वाचवतं, तेही पिक्सेल न बदलता.

पण ५ एमबीचे ५० केबी झाले असतील तर ते या वाटेने झालेलेच नाहीत. साईटने फोटो उघडला, लहान केला किंवा पुन्हा दाबला आणि वर ‘मेटाडेटा (म्हणजे हाच लपलेला डेटा) काढला’ अशी पाटी लावली. तपासायला दोन मिनिटं पुरतात: आधीच्या आणि नंतरच्या फोटोची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये बघा, मग दोन्ही मोठे करून पैठणीच्या काठावर किंवा हुपरीच्या चांदीच्या पैंजणाच्या बारीक कामावर नजर टाका. कडांना मुंग्या लागल्यासारखं दिसलं की समजा, दाबलाय.

‘हा डेटा निव्वळ कचरा’

या एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं.

फोन उभा धरून फोटो काढला तरी बहुतेक फोन चित्र आडवंच साठवतात आणि एक्झिफमध्ये लिहून ठेवतात, ‘दाखवताना फिरवून दाखव.’ हा एक ते आठमधला एक आकडा असतो. सगळा डेटा सरसकट काढला की तोही जातो, आणि रंकाळ्यावर उभा राहून काढलेला नवरा-नवरीचा फोटो वेबसाईटवर आडवा झोपतो. उपाय सोपा आहे: आधी चित्र खरोखर फिरवून घ्या, मग डेटा काढा. क्रम चुकला की मग शंभर फोटो एकेक करून सरळ करत बसा.

रंगाचं तसंच. आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या जास्त रुंद रंगपट्ट्यात असतात, आणि ते सांगणारं प्रोफाइल फाइलीत जेमतेम अर्धा केबी जागा घेतं. ते काढलं की ब्राउझर चित्राला साधं एसआरजीबी, म्हणजे नेहमीच्या अरुंद रंगपट्ट्यातलं, समजतो आणि रंग फिके पडतात. लाल पैठणी विटकी दिसते, चामड्याचा तांबूस रंग मातकट. अर्ध्या केबीसाठी गिऱ्हाईकाचा फोन येणार, ‘फोटोत येगळा रंग हुता.’ एसआरजीबीत बदलून मग काढलंत तर काही बिघडत नाही.

फोटोग्राफरांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो याचं मला खरंच नवल वाटतं. फोटो कुणाचा, हक्क कुणाचे, परवानगीसाठी कुठे जायचं, हे याच ‘कचऱ्यात’ लिहिलेलं असतं. २०२० पासून गुगल इमेजेसमध्ये परवाना देण्याजोग्या फोटोंवर जी खूण दिसते, तीही या नोंदी वाचून लावता येते. आणि दुसऱ्याच्या फोटोतल्या हक्काच्या नोंदी परवानगी नसताना जाणूनबुजून काढणं हा गुन्हा आहे: कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ब, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. (जुन्या पुरावा कायद्यातलं गाजलेलं ६५ब वेगळं. वकील मंडळींनी दचकू नये.) स्वतःचे फोटो साईटवर चढवताना शटर आणि आयएसओ खुशाल उडवा, नाव आणि हक्क ठेवा. त्याला शंभर-दोनशे बाइट लागतात.

तारखेचंही बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीत ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं, त्यांचे ते फोटो आज दुसऱ्या फोनवर कॉपी केले तरी गॅलरीत त्याच तारखेला सापडतात, कारण काढल्याची वेळ फोटोच्या पोटात आहे. ती काढली तर फाइल कॉपी झाल्याचा दिवस हीच तारीख. एक्झिफची तारीख बदलता येते, त्यामुळे एकट्या तिच्यावर दावा उभा राहणार नाही, पण म्हणून मूळ फोटोतून ती खरवडून काढायचं कारण काय? हलकं करायचं ते कॉपीला. मूळ फाइलीला हात लावू नये.

‘लोकेशन कुणाला कळणार नाही’

हा मुद्दा निम्मा बरोबर आहे. अक्षांश-रेखांश फोटोबरोबर दुसऱ्याकडे जातात आणि ते गोत्यात आणू शकतात. २०१२ मध्ये फरारी असलेल्या, अँटिव्हायरसवाल्या जॉन मॅकॅफी यांचा फोटो एका मासिकाने वेबसाईटवर टाकला आणि त्यातल्या लोकेशनवरून ते ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं. घरात काढलेला फोटो साईटवर मूळ फाइलीसकट टाकत असाल तर लोकेशन काढाच.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती वाटेतच गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर जशीच्या तशी जाते. हा फरक मेसेजमध्ये कुठेच नाही. दुसरं, ग्रामपंचायतीच्या कामांपासून रोपं लावण्यापर्यंत जिकडेतिकडे तो नकाशावाला कॅमेरा वापरतात, ज्यात पत्ता आणि अक्षांश-रेखांश फोटोच्या खाली छापून येतात. ते पिक्सेलमध्येच आहेत. डेटा कितीही काढा, ‘१६ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व’ दिसतच राहणार. मागे दुकानाची पाटी असली तर आणखी काय सांगायचं.

‘मोबाईल रिकामा होईल’

५,००० फोटो, प्रत्येकी ३० केबी वाचले असं धरू. दीडशे एमबी. फोर-के व्हिडिओचं एक मिनिट साधारण त्याहून मोठं असतं. पुढे.

‘वेबसाईट पळेल’

मोठ्या फोटोवर नाही पळत. पानावर ४०० पिक्सेलच्या चौकटीत ४,००० बाय ३,००० चा फोटो बसवलाय, तिथे ५० केबी एक्झिफ काढून काय होणार? तोच फोटो ८०० बाय ६०० केला तर पिक्सेल पंचवीसपट कमी होतात, आणि मग बेताच्या दाबावर जेपीजी किंवा वेबपी (वेबसाईटसाठीचा हलका फोटो प्रकार) केला की शंभर केबीच्या आसपास येतो. मी पैसे घेतो ते या कामाचे.

छोट्या चित्रांवर मात्र डेटा काढणं कामाचं आहे. यादीतल्या चपलांचे चाळीस थंबनेल आहेत, प्रत्येक चित्र ५ केबीचं आणि मागे २० केबी एक्झिफ-एक्सएमपी, म्हणजे २०० केबीच्या पानावर ८०० केबी फुकट. तिथे पान खरंच हलकं होतं.

परीक्षेच्या फॉर्मचंही असंच. बँक भरतीच्या आयबीपीएसला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबीत लागते. पोरं सही नीट कापतात, लहान करतात, तरी फाइल ३५ केबीच्या खाली येईना म्हणून सही अजून पुसट करत बसतात. अशा वेळी आत काय आहे ते बघा. बऱ्याचदा मूळ फोटोचा थंबनेल आणि एक्झिफ तसंच चिकटलेलं असतं, आणि ते गेलं की फाइल एकदम मापात. त्यासाठी मेसेजमधल्या लिंकवर आपली सही आणि फोटो चढवायचं काही कारण नाही. विंडोजमध्ये फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खाली माहिती काढून टाकायचा दुवा आहे. गिंप या फुकट फोटो-सॉफ्टवेअरमधून जेपीजी एक्सपोर्ट करताना एक्झिफ, एक्सएमपी आणि थंबनेल यांच्यासमोरची टिक काढता येते. दोन्ही कामं नेट बंद ठेवून होतात.