उरीया घरी गेला नाही तर?

वसंतात राजे मोहिमेवर निघतात तेव्हा तुम्ही घरीच थांबा. ही पायरी चुकली तर पुढचं काहीच जमत नाही. सेनापती यवाबाला सैन्यासह शत्रूच्या राब्बा शहराच्या वेढ्यावर धाडा, ताणून द्या आणि संध्याकाळी राजवाड्याच्या गच्चीवर या. बायबलातल्या इस्राएलाच्या दावीद राजानं असंच केलं. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, हे उंचावरून फार सोपं जातं.

खाली एक बाई अंघोळ करताना दिसेल. चौकशी करा. उत्तर येईल: अलीयामाची मुलगी बथशेबा, उरीया हित्तीची बायको. एका वाक्यात बापही आला, नवराही आला. आता 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरली नाही. दाविदाच्या हेब्रोनातल्या सहा बायका आणि मीखल, अशा सात तर नावानिशी नोंदलेल्या. यरुशलेमेत आल्यावर आणखी केल्या, उपपत्नी वेगळ्याच. पण कणगी भरलेली असली की शेजारच्या सुपातलेच दाणे टपोरे दिसतात. बोलावून घ्या.

'मी गरोदर आहे' असा निरोप आला की खरं काम सुरू. नवऱ्याला रणातून बोलवा. यवाब कसा आहे, लढाई कशी चाललीय, विचारा (उत्तर ऐकायलाच हवं असं नाही). मग 'घरी जा, पाय धू' म्हणा आणि मागोमाग भेट पाठवा. इथं धोका एकच: उरीया प्रामाणिक निघू शकतो. देवाच्या कराराचा पवित्र कोश तंबूत, सोबती उघड्या माळावर, आणि मी बायकोजवळ जाऊ? असं म्हणून तो वाड्याच्या दाराशी चाकरांमध्ये पथारी टाकतो. पुढच्या रात्री दारू पाजा. तरी जात नाही. झिंगलेला उरीया शुद्धीतल्या दाविदापेक्षा भरवशाचा, हे कुठल्याही राजाला परवडणारं नाही.

आता यवाबाला पत्र. मजकूर थोडका: लढाई घनघोर असेल तिथं याला पुढं घाला आणि मागं सरा. जासूद शोधत बसू नका. उरीयाच्याच हाती द्या. तो फोडून वाचणार नाही, याची खात्री एव्हाना पटलेलीच आहे. मात्र बेतात खोट आहे. एकट्याला सोडून बाकीचे मागं सरले तर छावणीत कुजबुज होणार. यवाबानं शत्रूचे शूर होते तिथंच त्याला लावलं, माणसं तटाला भिडली, आणि उरीयाबरोबर इतरही मेले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. बातमी आली की म्हणा, तलवार काय, आज याला खाते, उद्या त्याला. सुतक संपताच बाईला वाड्यात आणा.

आणि नाथान संदेष्टा आला तर भेटू नका. तो आरोप घेऊन येत नाही, फिर्याद घेऊन येतो. श्रीमंताकडे मेंढरांचे कळप, गरिबाकडे विकत घेतलेली एकच मेंढी: त्याच्या घासातलं खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंतानं तीच कापली. न्याय करायची हौस इथंच नडते. दावीद कडाडला: मरणास पात्र, आणि चौपट भरपाई! एका मेंढराला चार, हे बायबलातल्या निर्गम या पुस्तकातलं कलम त्याला तोंडपाठ होतं.

'तो मनुष्य तूच आहेस.' वर आणखी: तुला कमी पडलं असतं तर देवानं अजून दिलं असतं.

पुढचा खर्च बेतात धरलेला नसतो. तान्हं मूल सातव्या दिवशी गेलं. पुढं मुलगा अबशालोम उलटला. त्यानं गच्चीवरच तंबू ठोकून, साऱ्या इस्राएलादेखत, बापाच्या उपपत्नींना गाठलं. दाविदाच्या ३७ शूरांच्या यादीत शेवटचं नाव उरीया हित्ती. तेही खोडायचं राहून गेलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ आहे, तिच्यात तामार, राहाब, रूथ नावानं येतात. शलमोनाची आई बथशेबा मात्र तिथं अजून उरीयाची बायकोच आहे.