डब्यावर नुसतं ‘बाहुल्या’ लिहिलंय

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. मी इथे प्रागमध्ये. घरच्या ग्रुपवर भाऊ एकामागून एक व्हिडिओ टाकत होता आणि मी ट्राममध्ये बसून रडत होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते पॅलेस थिएटर. ते होतं तसंच पुन्हा उभं राहिलं पाहिजे, ही कोल्हापूरकरांची मागणी मला पूर्ण मान्य आहे. कोल्हापूरच्या जुन्या जयप्रभा फिल्म स्टुडिओच्या जागेसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही मी मनाने त्यांच्यातच होतो.

तरी एक गोष्ट सलते. आपण भांडतो ते वास्तूसाठी. देवळाच्या आवारात, वाड्याच्या चौकात ज्यांनी खेळ केले, त्यांची नावं राहावीत म्हणून कुणी भांडत नाही. मलाही हे एका रिळामुळे उमगलं.

माझ्या चुलत आजोबांना कॅमेऱ्याचा नाद होता. गंगावेशीतलं घर विकताना माळ्यावर एक पत्र्याचा डबा निघाला, वर त्यांच्या अक्षरात नुसतं ‘बाहुल्या’. आईने तो माझ्या बॅगेत घातला. इथे जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने डबा उघडून आधी वास घेतला. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली असं समजायचं. तसा आला नाही. मग त्याने भिंगाखाली कडा दाखवली. आठ मिलिमीटरची फिल्म, छिद्रं दोन चौकटींमधल्या रेघेवर. म्हणजे १९६५ साली आलेल्या सुपर एटची नव्हे, तिच्या आधीची, पण नंतरही मिळत राहिलेली जात. कोडॅक कंपनी कडेला बारीक चौकोन, त्रिकोण, गोल छापायची. त्यावरून फिल्म कोणत्या साली बनली ते कळतं. पण त्याच खुणा वीस वर्षांनी फिरून येतात. त्यामुळे साल १९४७ तरी किंवा १९६७ तरी. तो गुंता आत्याने व्हिडिओ कॉलवर एका वाक्यात सोडवला : “अरं, त्यो सदऱ्याचं टोक चावत बसलाय त्यो तुजा बा न्हवं का!” बाबांचा जन्म १९५९ चा. बाबा आता नाहीत. त्यांना आठ-नऊ वर्षांचं असं हलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सगळी फिल्म चार मिनिटांची, आवाज नाही. चौकात पडदा बांधलाय, कळसूत्री बाहुल्या नाचतायत. आधी गणपती, मग रावण. आत्या म्हणाली, “पिंगुळीचं ठाकर ते. दसऱ्याच्या टायमाला घाट चढून यायचं. आई त्येंना तांदूळ आनि जुनी लुगडी द्यायची, बाहुल्यांच्या कापडाला.” पिंगुळी म्हणजे कोकणात कुडाळजवळचं गाव, आणि ठाकर ही तिथली बाहुल्यांचे खेळ करणारी जमात. मी नाव विचारलं. “नाव कुठलं रं? आमी बाहुलंवालंच म्हणायचो.”

बाबुराव पेंटरांनी आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग कोल्हापुरातच कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. तो मूकपट आज बघायला मिळत नाही, पण बाबुरावांचं नाव कोल्हापुरात पोराटोरांना ठाऊक आहे. आमच्या रिळाचं नेमकं उलटं झालं. खेळ राहिला, माणूस गेला.

इकडे मात्येय कोपेत्स्की या फिरस्त्या बाहुलीवाल्याचं नाव अजून घेतलं जातं, आणि तो वारला १८४७ साली. ख्रुदिम गावात १९७२ पासून बाहुल्यांचं संग्रहालय आहे. प्रागच्या नाट्य अकादमीत १९५२ पासून हा विषय पदवीला शिकवतात. हे लोक आपल्यापेक्षा थोर आहेत, असं मला म्हणायचं नाही. दरबारात आणि शाळेत जर्मन चालायची, तेव्हा गावोगाव चेक बोलणाऱ्या ह्या बाहुल्याच होत्या. म्हणून बाहुलीवाला त्यांना भाषेचा माणूस वाटला. आपल्याकडे रामायण मराठीत सांगत घाट चढणारा ठाकर मात्र आपल्याला मागत्या वाटला. त्याला तांदूळ दिले आणि नाव विचारायचं राहिलं. माझ्या घरानेही तेच केलं, ही गोष्ट मला टाळता येत नाही.

पिंगुळीचे बाहुलीवाले परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फुलांचे फोटो पडले. आता त्याच ग्रुपवर वाद चाललाय. चुलतभाऊ म्हणतो, यूट्यूबवर टाक. भाऊ म्हणतो, पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला दे, रीळ आपल्या मालकीचं आहे. दोन्ही करू. पण पहिली प्रत पिंगुळीला गेली पाहिजे, आणि ती पोस्टाने नाही. कॅमेरा आमचा असला तरी खेळ त्यांचा आहे.

दिवाळीत येतोय. आत्याला घेऊन कुडाळला जायचं ठरलंय. त्या खेळातल्या गाण्याच्या दोन ओळी तिला अजून येतात. आणि शेवटाकडे पडद्याखालून सूत्रधाराचा हात दिसतो. मी चौकटी मोजल्या, अकरा भरल्या. म्हणजे पाऊण सेकंदही नाही. करंगळीच्या शेजारच्या बोटात लोखंडी वेढं आहे आणि अंगठ्याचं नख अर्धं तुटलेलं. त्या अकरा चौकटी मी कागदावर मोठ्या छापून घेतल्यात. पिंगुळीतल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवून विचारणार आहे, हा हात कुणाचा.