सायकलवाल्याला गाडीने ठोकलं तर रस्त्यावर मांडवली करू नका

सायकलवाल्याला गाडीने ठोकलं की मुंबईत पुढच्या दहा मिनिटांत काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. गर्दी जमते, कोणी पाणी आणतं, कोणी वाकडी झालेली सायकल उचलून कडेला लावतं, गाडीवाला आधी घाबरलेला असतो पण माणूस उठून बसलाय, बोलतोय हे दिसलं की त्याचा हात पाकिटाकडे जातो. मग गर्दीतलेच दोघंतिघं सुरू होतात, घ्या काका पैसे आणि डॉक्टरकडे जा, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडताय, कोर्टात चपला झिजतील. सगळे चांगल्या मनाने बोलतात, मान्य आहे मला. पण ह्या एका सल्ल्यापायी किती घरं बुडत असतील ह्याचा विचार केला की जीव तुटतो, म्हणून एवढं लांब लिहितेय, प्लीज पूर्ण वाचा.

माझे मामा भांडुपला पेपरची लाईन टाकायचे. पहाटे स्टेशनजवळ पेपर उचलायचे, पुरवण्या भरायच्या, कॅरियरला गठ्ठा आणि हँडलला दोन्हीकडे पिशव्या लावून एलबीएस रोडने निघायचं, आणि लोकांचा चहा व्हायच्या आत शेवटच्या बिल्डिंगचा चौथा माळा. बिल्डिंगी सगळ्या जुन्या, लिफ्ट नाही. एका पहाटे मागून कारने उडवलं. पेपर रस्ताभर पसरले आणि मामांना काळजी कसली तर पेपर ओले होतील ह्याची. गाडी चालवणारा पोरगा अक्षरशः पाया पडला, काका केस नका करू, माझं करिअर संपेल, आणि पंधरा हजार हातात दिले. मग चौकीत एक कागद लिहिला गेला, मी तो नंतर शंभर वेळा वाचलाय. नाव, वय ४७, धंदा पेपरविक्री, आमच्यात आपसात समझोता झाला असून माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही. खाली मामांची सही, तीही अर्धी ओळ सोडून खाली घसरलेली, कारण त्यांना पाय टेकवत नव्हता आणि ते बाकड्यावर तिरके बसून सही करत होते. एक्स-रे निघाला दुसऱ्या दिवशी. गुडघ्याखालचं हाड सांध्यापाशी फुटलं होतं, ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागली. पंधरा हजार तर आधीच्या तपासण्या, औषधं आणि रिक्षातच गेले.

मामांना मी विचारलं, मामा तू सही का केलीस? म्हणाले, अगं बाय, पोरगा रडत होता, त्याचं आयुष्य कशाला खराब करायचं.

मामांसारखी माणसं असाच विचार करतात, आणि नेमकं हेच कोणीतरी त्यांना समजावून सांगायला पाहिजे. नुकसानभरपाईचा क्लेम आपण करतो तेव्हा ते पैसे सहसा त्या पोराच्या खिशातून जातच नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८, त्याच्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे, आणि ही थर्ड पार्टी म्हणजे दुसरंतिसरं कोणी नाही, रस्त्यावरचा चालणारा, सायकलवाला, हातगाडीवाला. गाडीवाला दरवर्षी प्रीमियम भरतो तो ह्यासाठीच. लायसन्स नसलेल्याने गाडी चालवली असली तरी बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट इन्शुरन्स कंपनीला सांगतं की आधी जखमी माणसाला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. इन्शुरन्सच नसेल तर मात्र मालकावर येतं. सायकलला स्वतःला ना लायसन्स लागतं ना इन्शुरन्स, त्यामुळे "तुमच्या सायकलचे पेपर कुठायत" असं कोणी दरडावून विचारलं तर अजिबात दबून जाऊ नका.

आता पैशाचं बोलते, कारण रस्त्यावर पाच-दहा हजार घेणाऱ्याला आपण काय सोडून देतोय त्याचा अंदाजच नसतो. समजा माणूस ४७ वर्षांचा आहे, स्वतःचा छोटा धंदा, महिन्याला १५,००० सुटतात. वर्षाचे झाले १,८०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून स्वतःचा धंदा असलेल्या ४० ते ५० वयाच्या माणसाला त्यात २५ टक्के धरतात, ते सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालावरून. म्हणजे २,२५,०००. अपघातामुळे कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असं ट्रिब्युनलने, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे क्लेम बघणाऱ्या कोर्टाने, धरलं तर वर्षाला ६७,५०० चं नुकसान. ह्याला वयाप्रमाणे गुणायचं असतं, त्याचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालात आहे, ४६ ते ५० वयाला १३. गुणाकार करा, ८,७७,५०० येतात. हा झाला फक्त कमाईचा भाग. हॉस्पिटलची बिलं वेगळी, घरी बसून गेलेले महिने वेगळे, उठवाबसवायला माणूस लागला त्याचे वेगळे, वेदनांचे वेगळे, रिक्षाभाडं आणि खाण्यापिण्याचा खर्च वेगळा, मोडलेली सायकलसुद्धा मागता येते. वर अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याज देतात. आणि आपण काय घेतो तर पंधरा हजार, वर सही करून देतो.

आणि ते ३० टक्के कसे ठरतात ह्यावर सगळा खेळ आहे. डॉक्टर अपंगत्वाचा दाखला देतात त्यात पायाचे अमुक टक्के, हाताचे तमुक टक्के असं असतं. पण कमाई किती गेली हा वेगळा प्रश्न आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. तिथे उदाहरणच दिलंय की डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाऊ शकते आणि सरकारी ऑफिसातल्या क्लार्कची नोकरी कदाचित तशीच राहील. मामांचं हेच झालं. दाखल्यावर टक्के फार नाहीत, सपाट रस्त्यावर ते चालतात, बघणाऱ्याला वाटतं माणूस ठीक आहे. पण गुडघा पूर्ण वाकत नाही, सायकलचं पेडल फिरवताना अर्ध्यावर अडकतो, आणि रोज पहाटे चार-चार माळे चढणं संपलं ते संपलंच. लाईन दुसऱ्याला द्यावी लागली. म्हणून अर्जात नुसतं "पायाला दुखापत" लिहून चालत नाही, माणूस रोज काम काय करायचा, किती जिने चढायचा, किती वजन उचलायचा हे सगळं वकिलाला सांगून लिहून घ्यायचं. उत्पन्नाचा कागद नाही म्हणून हातपाय गाळू नका, पासबुक, वहीतला हिशोब, गिऱ्हाइकांचं म्हणणं, काहीही चालतं, आणि काहीच नसलं तरी ट्रिब्युनल किमान वेतनाकडे बघून आकडा धरतं.

पोलिसांबद्दल. मला कोणावर राग काढायचा नाहीये, चौकीतल्या माणसांवर कामाचा डोंगर असतो ते दिसतं. पण नियम काय आहे ते आपल्याला माहीत पाहिजे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला रिपोर्ट क्लेम ट्रिब्युनलला द्यायचा असतो, १० दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म द्यायचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर रिपोर्ट. कायद्यात तर असंही आहे की पोलिसांचा हा रिपोर्ट ट्रिब्युनलने भरपाईचा अर्ज म्हणूनच धरायचा. म्हणजे कागदावर गरीब माणसासाठी सगळी सोय केलेली आहे! आणि "तक्रार नाही" च्या एका सहीने ती सगळी गाडी जागच्या जागी थांबते. आमच्या हातात तो हक्कांचा फॉर्म कोणी दिला नाही. मी स्वतः जाऊन विचारलं तेव्हा समोरच्याने असा फॉर्म असतो का असं मलाच विचारलं.

नंतर एफआयआर झाला, उशिरा झाला, बरंच मागे लागून झाला. ज्यांनी आधी अशी सही करून दिली असेल त्यांना मुद्दाम सांगते, त्या कागदाने क्लेमचा हक्क आपोआप जात नाही. एफआयआरला उशीर झाला आणि त्याचं कारण पटण्यासारखं असेल तर तेवढ्यावरून क्लेम फेटाळू नये असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये म्हटलंय. ट्रिब्युनलमध्ये फौजदारी कोर्टासारखा संशयापलीकडचा पुरावाही लागत नाही, जास्त शक्यता कशाची हे बघतात. पण त्रास होतो हो. इन्शुरन्स कंपनीचा वकील पहिल्यांदा तोच कागद पुढे करतो. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे सायकलला मागे लाईट नव्हता, सायकलवाला मध्येच वळला, थोडक्यात चूक त्याचीच. असं काही सिद्ध झालं तर भरपाईतून तेवढे टक्के कापले जातात. म्हणून जागच्या जागी फोटो काढा, गाडीचा नंबर, सायकल कुठे पडली, चाक कुठून वाकलंय, मागचं की पुढचं. मामांच्या सायकलचं मागचं चाक आणि कॅरियर आत दबलं होतं, गाडी मागून आली हे त्यावरून लहान पोरालाही कळलं असतं, आणि मामी ती सायकल भंगारात द्यायला निघाली होती! मी हातापाया पडून थांबवली. आजूबाजूच्या दुकानांचे, सोसायटीचे सीसीटीव्ही पोलिसांना लगेच मागायला सांगा, थोड्या दिवसांनी रेकॉर्डिंगवर रेकॉर्डिंग चढतं आणि मग काहीच हाती लागत नाही.

हॉस्पिटलमध्ये नेताना डॉक्टरला "पडले" असं सांगू नका, गाडीने उडवलं असंच सांगा आणि तसंच लिहून घ्या, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस अशी हॉस्पिटलची नोंद, होऊ द्या. खूप लोक खाजगी दवाखान्यात पोलिसांचं लफडं नको म्हणून पडले असं सांगतात आणि पुढे तेच केसपेपरवर राहतं. आणखी एक, २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राची कॅशलेस उपचारांची योजना आहे, गाडीच्या अपघातात जखमी झालेल्या कोणालाही ठरवून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत उपचार. ११२ ला फोन करा आणि योजनेचं नाव घेऊनच विचारा. मदत करणाऱ्यालाही घाबरायचं कारण नाही, कलम १३४अ मध्ये त्याला संरक्षण आहे, पोलीस त्याला साक्षीदार व्हायची जबरदस्ती करू शकत नाहीत.

मेडिक्लेम आहे ना मग कशाला क्लेम करताय असंही म्हणणारे भेटतात. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलंय की मेडिक्लेममधून मिळालेले पैसे अपघाताच्या भरपाईतून कापायचे नाहीत. माणसाने स्वतः हप्ते भरून घेतलेली पॉलिसी, तिचा फायदा ठोकणाऱ्याच्या कंपनीला का मिळावा? मला हा निकाल शंभर टक्के पटतो.

आता मुदत. पूर्वी वेळेचं बंधन नव्हतं, १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिने आले. ह्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर कोणी बसू नका. प्लास्टर निघेपर्यंत तीन महिने जातात, फिजिओथेरपीत दोन, आणि ज्याला ह्या मुदतीचा पत्ताच नाही त्याचं काय? माझ्या मते ही मुदत गरीब माणसावर अन्याय आहे, ज्याच्या घरात कोणी शिकलेलं नाही त्याला सहा महिन्यांत वकील शोधणंसुद्धा जमत नाही. अर्ज जिथे अपघात झाला तिथे किंवा जखमी राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्येही करता येतो, त्यामुळे गावी आराम करायला गेलात तरी अडत नाही. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख मिळू शकतात, पण ते एकदा स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे वर हिशोब केला तशा पूर्ण भरपाईचा, अर्ज संपतो, तेव्हा घाईने सही करू नका, आधी वर केला तसा हिशोब मांडा.

हॉस्पिटलच्या बाहेर घुटमळणारे जे एजंट असतात, आम्ही सगळं करतो, तुम्ही फक्त सह्या द्या, मिळतील त्यातले अर्धे आमचे, त्यांना कागद देऊ नका. निकालातल्या रकमेवर टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे चालत नाही, मग एजंटाचं तर सोडाच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तर उत्पन्न न बघता मिळतो. लोकअदालतीत असे खूप क्लेम मिटतात. तिथे तडजोड करायला माझा काहीच विरोध नाही, कारण तिथे दाखला समोर असतो, बिलं समोर असतात, वकील बाजूला असतो आणि आपण काय सोडतोय ते माहीत असतं.

मुंबईत सायकल म्हणजे हौस असं अनेकांना वाटतं. सकाळी सहाच्या आत रस्त्यावर जा, मग कळेल सायकली कोणाच्या आहेत. पाववाला, दूधवाला, पेपरवाला, डबे घेऊन निघालेला इडलीवाला, रात्रपाळी संपवून घरी जाणारा वॉचमन. ह्यांच्यातला एक जरी पडला तरी घरातली चार माणसं पडतात, आणि ह्यांनाच कोणी सांगत नाही की तुझा हक्क आहे. तुमच्या दारात पाव घेऊन येणाऱ्याला हे सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, वॉचमनला वाचून दाखवा.

आणि गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही तरी सगळं संपलं असं नाही. हिट अँड रनसाठी सरकारी योजना आहे, गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास दोन लाख, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार ऑफिसात करायचा. रक्कम कमीच आहे, पण एफआयआर आणि दाखला असेल तर मिळते. मामांच्या केसमध्ये आता डॉक्टरांची साक्ष व्हायची आहे, ती झाली की कळवते. अर्जासोबत आम्ही कुठकुठले कागद लावले त्याची यादी माझ्याकडे तयार आहे, कोणाला हवी असेल तर मेसेज करा, त्याच दिवशी पाठवते.