यार्ड सेल लावताय? मग आधी खरेदीची किंमत विसरा

थंडी ओसरली की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर दरवर्षी हा प्रश्न येतोच. "बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नाही, घरासमोर जुनं सामान विकायला मांडून यार्ड सेल लावू का?" आणि खाली ठरलेली उत्तरं. "दिवसभर उन्हात बसून काही सुटत नाही गं." "त्यापेक्षा फेसबुक मार्केटप्लेसवर टाक." "शेजारपाजारच्यांसमोर आपल्या जुन्या चपला मांडून बसायचं म्हणजे कसंतरीच वाटतं!"

खरं कारण हे तिसरं. पहिली दोन नुसती निमित्तं.

"आपल्याकडे असा पसारा नसायचाच मुळी" असं इथे बरेच जण छाती फुगवून सांगतात. मला ते पटत नाही. पसारा होताच, फक्त तो बाहेर नेणारी माणसं दारात येत होती. रद्दीवाला तराजू घेऊन यायचा, भंगारवाल्याची हाळी गल्लीभर ऐकू यायची. बोहारीण दारात ठाण मांडून बसायची आणि चार साड्या, दोन पँटी यांच्या बदल्यात एका स्टीलच्या पातेल्यावरून तासभर घासाघीस चालायची. त्यातूनही जे उरायचं ते "मावशी, हे घेऊन जा घरी." मावशींना ते हवं होतं की नाही, कुणी कधी विचारलं? कॉलर विरलेला शर्ट आणि कान तुटलेले कप देऊन आपण दानशूर! इथे मावशी नाहीत, बोहारीण नाही, पण सवय तीच. म्हणून बेसमेंट भरलं.

यार्ड सेलमध्ये अनोळखी माणूस तुमची वस्तू उचलतो, उलटीपालटी करून बघतो आणि परत ठेवून निघून जातो. तो 'नको' आपल्याला झोंबतो. माझ्या मते तो ऐकण्यातच अर्धं काम होतं. एकदा ऐकला की पुढच्या वेळी दुकानातल्या सेलच्या रांगेत चौथा ब्लेंडर उचलताना हात आपोआप थांबतो.

आता किमतीचं. आपण लोक कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी वाद घालू, पण आपल्या एक डॉलरच्या डब्याला कुणी पन्नास सेंट म्हटलं की आपला अपमान होतो. "अहो, हा सेट तीनशे डॉलरचा आहे!" असेल. तुम्ही दिलेले तीनशे त्या दुकानात गेले, टेबलावर ते नाहीत. साधारण नव्याच्या एक दशांशापासून सुरुवात करा. कपडे एक-दोन डॉलर, पुस्तकं पन्नास सेंट, खेळण्यांची अख्खी पिशवी तीन डॉलर. आणि मनातल्या मनात रुपयांनी गुणायचं आता तरी बंद करा.

"पण चुकून काही मौल्यवान गेलं तर?" अशी शंका काढणारा एक तरी असतोच, आणि त्याच्याकडे ती वाटीची गोष्ट तयार असते. गोष्ट खरी आहे. न्यूयॉर्क राज्यात एका कुटुंबाने २००७ मध्ये अशाच एका सेलमधून ३ डॉलरला एक पांढरी चिनी वाटी घेतली. ती निघाली सुंग राजवटीतली, सुमारे हजार वर्षं जुनी. २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात तिला २२ लाख डॉलरच्या वर किंमत आली. छान! पण तुमच्या बेसमेंटमध्ये सुंग राजवट नाही. ब्रेडमेकर आहे, दोनशेवीस व्होल्टचा मिक्सर आहे आणि मुलाची एसएटीची पुस्तकं आहेत.

काही गोष्टी मात्र खरोखर उपयोगाच्या. आधी टाऊनशिपच्या, म्हणजे गावच्या पालिकेच्या, क्लार्कला फोन करा. बऱ्याच गावांत थोड्या पैशांचं परमिट लागतं आणि वर्षातून किती वेळा सेल लावता येतो यालाही मर्यादा असते. विजेच्या खांबांवर पाट्या लावू नका, बहुतेक ठिकाणी मनाई आहे. पाटी जाड मार्करने, मोठ्या अक्षरात: वार, वेळ, पत्ता, बाण. "सुंदर घरगुती वस्तू" वगैरे काव्य नको, तीस मैलांच्या वेगाने जाणारा माणूस ते वाचत नाही. मेअखेरचा मेमोरियल डेचा वीकेंड टाळा, अर्धं जर्सी समुद्रावर असतं. एक डॉलरच्या नोटा आणि क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, आदल्या दिवशीच बँकेतून आणा, कारण सकाळचं पहिलं गिऱ्हाईक दोन डॉलरच्या वस्तूला वीसची नोट काढतं. आणि ते गिऱ्हाईक तुम्ही आठ लिहिलेत तरी साडेसहाला येतं. ही सगळी जुन्या वस्तूंच्या धंद्यातली मंडळी, टॉर्च घेऊन फिरतात. त्यांच्यावर चिडू नका, पैसे तेच काढतात.

सायकल, हत्यारं, बागेचं सामान रस्त्याच्या कडेला ठेवा. ते दिसलं की गाड्या थांबतात. साड्या आणि चादरींचे ढीग पुढे असले की गाडी नुसती हळू होते आणि पुढे जाते. एक्स्टेंशन कॉर्ड बाहेर काढून ठेवा, चालू करून दाखवलेला पंखा विकला जातो. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी हवीच. इथली माणसं "केवढ्याला?" विचारायला संकोचतात आणि न विचारताच निघून जातात.

काय खपेल ते मात्र सांगता येत नाही. मी सेल लावला तेव्हा माझा सगळा भरवसा एका कोऱ्या करकरीत कॉफी मशीनवर होता, त्याला कुणी हात लावला नाही. आणि पुरणयंत्र! भंगारात टाकायचं म्हणून बाजूला ठेवलेलं, पितळी दांडा थोडा वाकडा. एका आजोबांनी ते उचललं, दांडा फिरवून बघितला, जाळीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, माझी आई अशाच एका यंत्रात सफरचंदं गाळायची. मी एक डॉलर सांगितला. त्यांनी दोन दिले आणि पुन्हा एकदा दांडा फिरवून बघत गेले.

लहान मुलांच्या वस्तूंबाबत मात्र हयगय नको. एक बाजू खाली सरकणारे जुने पाळणे २०११ पासून विकायला बंदी आहे, आणि ती घरच्या अंगणातल्या सेललाही लागू होते. कंपनीने परत मागवलेल्या वस्तूंचंही तेच. कार सीटवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती उलटली असेल तर फुकटसुद्धा देऊ नका.

आणि माझा एकच हट्ट. ठरलेली वेळ संपली की उरलेलं सामान थेट गाडीत घालायचं, घरात नाही. "हे राहू दे, पुढच्या वर्षी बघू" म्हटलंत की संपलं. दान घेणाऱ्या संस्थेची वेळ आणि ते काय घेतात हे आधीच विचारून ठेवा. गाद्या आणि मोठे जुने टीव्ही बरेच ठिकाणी घेत नाहीत. पावती मागाल तर मिळेल, पण टॅक्समध्ये स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरावीक वजावट, घेत असाल तर त्या जुन्या कपड्यांच्या पावतीचा काही उपयोग नाही, तेव्हा तिच्यासाठी नवीन फाईल उघडू नका.

आणि हो, या सगळ्यासाठी फोल्डिंगची टेबलं विकत आणणार असाल तर थांबा. आपल्या मराठी मंडळाची टेबलं स्टोरेजमध्ये पडून आहेत, गणपती आणि संक्रांतीशिवाय त्यांना कुणी विचारत नाही. सेक्रेटरींना एक फोन करा.